कोकणातली फळांची आइस्क्रीमं: कुठलं कधी घ्यावं आणि पैसे कशात वाया जातात

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत आइस्क्रीमच्या दुकानाचा बोर्ड वाचला, की गिऱ्हाइकाची आवड कुठे सरकली आहे ते लगेच कळतं. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, बटरस्कॉच, केशर-पिस्ता आहेत, पण खालच्या ओळीत. वर शहाळं, हापूस, फणस, जांभूळ, कोकम, काजू. त्यांच्या जोडीला उकडीचे मोदक, गुलकंद, पुरणपोळी असे मिठाईचे फ्लेवर, आणि पर्यटकांची वर्दळ असलेल्या गावांत बिस्कॉफ, सॉल्टेड कॅरमल, कुनाफा-पिस्ता.

फळांचा हा ओढा एका उन्हाळ्यात आलेला नाही. मंगळूरजवळच्या मुल्कीहून मुंबईत आलेल्या रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला नॅचरल्स सुरू केलं आणि सीताफळ, शहाळं यांसारख्या फळांना आइस्क्रीममध्ये मानाची जागा दिली. एसेन्स आणि रंगाऐवजी फळाचा गर, ही कल्पना तिथून पसरली. मुंबईकर तीच चव तोंडात घेऊन मे महिन्यात कोकणात उतरतो, आणि मग इथल्या दुकानदाराला वाटतं की फळ तर आपल्याच परसात आहे, आपण का करू नये? विचार अगदी बरोबर आहे. पण फळ झाडावर उत्तम असणं आणि ते आइस्क्रीममध्ये उत्तम लागणं यांत बरंच अंतर असतं. प्रत्येक फळाचं पाणी, आंबटपणा, तंतू आणि वास दुधाशी वेगळा वागतो. हे ओळखून केलेली आइस्क्रीमं इथे मिळतात, आणि नुसतं बोर्डावर नाव बदललेलीही मिळतात.

आमचं मत आधीच सांगतो. शहाळं बारमाही घ्यावं. फणस एप्रिल-मेमध्ये घ्यावा, आणि या किनाऱ्यावरचं सर्वांत चांगलं आइस्क्रीम तेच. हापूस चौकशी करूनच घ्यावा. जांभूळ रंग बघून. कोकम दुधातलं कधीच घेऊ नये, सॉर्बे (दूध न घालता गोठवलेला फळाचा गोड रस) असेल तर जरूर.

आधी डबा वाचा

फ्लेवरच्या आधी डब्यावर 'आइस्क्रीम' लिहिलंय की 'फ्रोजन डेझर्ट' ते पाहा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसत्या 'आइस्क्रीम'मध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. अडीच ते १० टक्क्यांच्या मधलं ते 'मीडियम फॅट', अडीच किंवा त्याहून कमी ते 'लो फॅट'. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट असतं आणि तसं डब्यावर छापावं लागतं. ते विषारी नसतं, बेकायदेशीर नसतं. पण फळाच्या आइस्क्रीममध्ये त्याचा तोटा जिभेवर कळतो. दुधाचं लोणी तोंडाच्या उष्णतेला विरघळतं आणि फळाचा वास सोडतं. काही वनस्पती फॅट उशिरा विरघळतात, टाळूला चिकटून राहतात, आणि फणसासारख्या वासाच्या फळाचा वास अडवून धरतात.

दुसरी गोष्ट वजन. आइस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकलं जातं आणि फेटताना त्यात हवा भरली जाते. नियमाने एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे निम्म्याच्या आसपास हवा चालते. कमी हवेचं, घट्ट फळांचं आइस्क्रीम लिटरला ८०० ग्रॅमच्या घरात जातं. त्यामुळे दोन दुकानांच्या भावाची तुलना करताना मिलिलिटर धरू नका, ग्रॅम धरा. अर्धा लिटरचा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि डब्याचं वजन वजा करा. २६०-२७० ग्रॅम भरला तर तुम्ही बरीच हवा विकत घेतलीत; ४०० च्या जवळ गेला तर जास्त दिलेले पैसे वाजवी आहेत.

घटकांच्या यादीत ४१२, ४०७, ४६६, ४७१ असे आकडे दिसले म्हणून डबा खाली ठेवू नका. ही गवार गम, कॅराजीनन, सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला गम) हे स्टॅबिलायझर आणि इमल्सिफायर (पाणी आणि स्निग्धता एकत्र धरणारा घटक) यांची नावं. एक किलो मिश्रणात दोन-तीन ग्रॅम एवढंच त्यांचं प्रमाण असतं आणि बर्फाचे खडे वाढू नयेत हे स्टॅबिलायझरचं काम. जिथे मे महिन्यात दुपारी दोन-दोन तास वीज जाते तिथे स्टॅबिलायझर अजिबात नको म्हणणारा दुकानदार आठवड्याभरात करकरीत बर्फ विकत असतो. नजर ठेवायची ती रंगांवर: आंब्याच्या डब्यावर १०२ किंवा ११०, जांभळाच्या डब्यावर १२२ आणि १३३ एकत्र. हे कृत्रिम रंग आहेत. ते असतील तर गर बहुधा कमी आहे. 'नेचर आयडेंटिकल' फ्लेवर लिहिलेलं असेल तर वास फळातून आलेला नाही, प्रयोगशाळेतून आला आहे.

शहाळं

हे आइस्क्रीम इतकं का चाललं, याचं कारण साधं आहे. शहाळं बारा महिने मिळतं, आंबट नाही, दुधाला नासवत नाही, आणि त्याची चव इतकी सौम्य की लहान मूल आणि आजी दोघांनाही चालते. हंगाम संपला म्हणून दुकानदाराला ते बोर्डावरून पुसावं लागत नाही.

चांगल्या शहाळ्याच्या आइस्क्रीममध्ये सगळा जीव मलईत असतो. मलई तीन अवस्थांत सापडते. पहिली पाण्यासारखी पातळ, जेलीसारखी हलणारी. तिला चव कमी आणि पाणी जास्त, गोठल्यावर तिचा बर्फ होतो. तिसरी खोबरं धरू लागलेली, चावावी लागणारी. ती गोठल्यावर कडक होते आणि तोंडात शेवटी चोथा उरतो. हवी ती मधली, चमच्याने खरवडल्यावर सलग पट्टीसारखी निघणारी. त्यातली निम्मी वाटून मिश्रणात आणि निम्मी लांब पट्ट्या कापून शेवटी, मशीनमधून काढताना, हलक्या हाताने मिसळलेली असावी.

इथे नेहमीची चूक शहाळ्याचं पाणी घालण्याची. शहाळ्याचं आइस्क्रीम म्हणजे त्यात शहाळ्याचं पाणी हवंच, असं वाटणं साहजिक आहे. पण ते जवळजवळ सगळं पाणीच आहे. लिटरभर मिश्रणात पाव लिटर घातलं तर स्निग्धता आणि साखर दोन्ही पातळ होतात आणि बर्फ धरतो. वाटण्यापुरतं, म्हणजे किलोभर मलईला १०० मिलीच्या आत पाणी पुरतं.

दुसरी चूक वेळेची. काढलेली मलई उघडी ठेवली की काही तासांत गुलाबी छटा धरते. तेवढ्याने ती खराब होत नाही, पण ती ताजी नाही हे कळतं. त्याहून जास्त राहिली तर खोबऱ्यातली स्निग्धता फुटायला लागते आणि चवीला साबणासारखी झाक येते. ही झाक साखरेने झाकली जात नाही. सकाळी फोडलेली शहाळी दुपारच्या आत मिश्रणात जायला हवीत, नाहीतर मलई लगेच गोठवून ठेवावी.

खाताना पारख अशी करा: पांढराशुभ्र नसून किंचित मळकट पांढरा रंग चांगला. वास मंद असावा. डबा उघडताच खोबरेल तेलाच्या बाटलीसारखा वास आला तर एसेन्स आहे. आणि दाताखाली सुक्या खोबऱ्याचा कीस आला तर ते शहाळ्याचं आइस्क्रीम नाहीच, नारळाचं आहे. तेही चांगलं असू शकतं, पण मग नाव आणि भाव नारळाचा लावावा.

किनाऱ्यावरच्या छोट्या दुकानांमध्ये आम्हाला हाच फ्लेवर सर्वांत भरवशाचा वाटतो. कमी मशिनरीत जमतो, आणि नारळ फोडणारा हात इथे तरबेज असतो.

हापूस

सर्वांत जास्त मागणी, सर्वांत जास्त भाव आणि सर्वांत जास्त निराशा. दोष फळाचा नाही.

झाडावरून उतरलेला, अढीत पिकलेला हापूस साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मिळतो. बाकीचे नऊ-दहा महिने बोर्डावरचा हापूस म्हणजे डबाबंद किंवा गोठवलेला रस. या दोहोंत फार फरक आहे. डबाबंद रस उष्णता देऊन टिकवलेला असतो, त्यात हापूसचा वरचा ताजा, फुलासारखा वास उडून जातो आणि शिजलेल्या रसाची गोडसर चव उरते. उणे १८ अंशांवर गोठवलेल्या रसात तो वास बराच टिकतो. दिवाळीत किंवा नाताळात आंबा घेणार असाल तर 'रस डब्यातला की फ्रोझन?' एवढंच विचारा. ज्या दुकानदाराने मेमध्ये स्वतः रस काढून गोठवलाय तो अभिमानाने सांगतो. तिथे घ्या. इतर ठिकाणी त्या मोसमात शहाळ्याकडे वळा.

डबाबंद रसातही जात पाहावी लागते. डब्यावर नुसतं 'मँगो पल्प' असेल तर तो तोतापुरीचा असण्याची शक्यता मोठी; तो मुख्यतः चित्तूर-कृष्णगिरी पट्ट्यातून येतो आणि बराच स्वस्त पडतो. हापूसचा असेल तर 'अल्फान्सो' असं स्पष्ट छापलेलं असतं. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मानांकन फळाला आहे. स्कूपच्या बोर्डावर 'देवगड हापूस' लिहिलं म्हणून त्याची हमी मिळत नाही.

हंगामातही फसगत होते ती साक्यामुळे. हापूसच्या गरात कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग होतो त्याला साका म्हणतात. बाहेरून फळ निर्दोष दिसतं. कॅनिंगला जाणाऱ्या किंवा किलोवर घेतलेल्या आंब्यात साका न काढता रस काढला तर आंबूस, बेचव झाक येते, आणि दुधात ती जास्त उठून दिसते. म्हणून आइस्क्रीमसाठी आंबा पिळून रस काढू नये. फोड कापून, आत पाहून मग गर घ्यावा. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' जात काढली, तिच्यात साका होत नाही. आइस्क्रीम करणाऱ्यांनी तिच्याकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आणि एक मत, जे इथे अनेकांना पटणार नाही: आइस्क्रीमसाठी निव्वळ हापूसपेक्षा हापूस आणि पायरी यांचं मिश्रण चांगलं लागतं. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते आणि दुधाच्या स्निग्धतेने आंब्याची धार बोथट होते. पायरीचा आंबटपणा ती धार परत आणतो. तीन भाग हापूसला एक भाग पायरी पुरे.

आंब्याच्या फोडी घातलेलं आइस्क्रीम असेल तर एक फोड आधी चावून पाहा. दगडासारखी कडक लागली तर ती कच्ची गोठवली आहे. आंब्यात साखर १६ ते २० टक्क्यांच्या आसपास, बाकी बरंचसं पाणी, त्यामुळे फोड आइस्क्रीमपेक्षा कडक गोठते. उपाय सोपा आहे: फोडी त्यांच्या वजनाच्या एकतृतीयांश साखरेत रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायच्या, सुटलेला पाक मिश्रणात वापरायचा आणि फोडी शेवटी घालायच्या. साखर आत शिरली की फोड मऊ राहते.

फणस

फणसाच्या आइस्क्रीमला कोकणाबाहेर फार कमी लोक हात लावतात, वासामुळे. तोच वास याचं बळ आहे. थंडीत बहुतेक फळांचा वास दबतो. फणसाचा दबत नाही. त्यामुळे गर कमी लागतो, आणि गर कमी म्हणजे पाणी कमी, बर्फ कमी, स्निग्धता शाबूत. मिश्रणाच्या १० ते १५ टक्के गरात काम होतं, तिथे आंब्याला २० ते २५ टक्के लागतो. लोण्यासारखा घट्ट पोत फणसाच्या आइस्क्रीमला जितक्या सहज मिळतो तितका दुसऱ्या कुठल्या फळाला मिळत नाही.

फणसाचे दोन प्रकार: मऊ गऱ्यांचा बरका आणि घट्ट गऱ्यांचा कापा. गर बरक्याचा, तुकडे काप्याचे. बरका फणस रसाळ, गोड, पण तंतूमय. फणसपोळीसाठी जसा चाळणीवर घासून गाळतात तसाच गाळावा. मिक्सरमधून काढला तर तंतू बारीक होऊन मिश्रणात राहतात आणि मशीनच्या पात्याला गुंडाळले जातात. काप्याचे गरे बारीक चिरून, आंब्याच्या फोडींसारखे साखरेत मुरवून घातले तर चावायला मिळतात. न मुरवलेला कापा उणे १४ अंशांवर रबरासारखा होतो. ज्यांच्या आइस्क्रीममध्ये फक्त कापा वाटून घातलेला असतो त्यांची चव फिकी असते, कारण काप्यात तो दाट मधाळपणा नाही.

महिना महत्त्वाचा. एप्रिल आणि मे उत्तम. पाऊस पडला की फणस पाणचट होतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे; जूनच्या मध्यानंतरच्या फणसाचं आइस्क्रीम फिकं आणि बर्फाळ निघतं. मेमध्ये गाळून गोठवलेला गर मात्र गणपतीपर्यंत चांगला चालतो.

दुकानात एकच तपासणी करा: फणसाच्या डब्याला घट्ट झाकण आहे का. उघड्या डब्यातला वास शेजारच्या व्हॅनिला आणि काजूत शिरतो. शेजारच्या फ्लेवरला फणसाचा वास येत असेल तर त्या दुकानात बाकी झाकणांकडेही दुर्लक्ष असणार.

जांभूळ, कोकम, करवंद

जांभळाच्या आइस्क्रीमची परीक्षा डोळ्यांनी होते. जांभळाचा रंग आंबटात लालसर जांभळा राहतो, दुधात आंबटपणा कमी असल्याने तो मंद, किंचित राखाडी झाक असलेला होतो. त्यामुळे खऱ्या जांभळाचं दुधातलं आइस्क्रीम फिकट आणि थोडं मळकट दिसतं. झगझगीत जांभळं दिसलं तर रंग घातलाय. दुर्दैवाने गिऱ्हाईक झगझगीतच मागतं आणि दुकानदार रंग घालायला लागतो. फिकं दिसणारं घ्या, त्याला दाद द्या. चवीला जीभ किंचित तुरट व्हायला हवी. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीची मोठी, गरदार जांभळं यासाठी चांगली; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात त्यातूनच निवडली. हंगाम मे-जूनचा, आणि तो फार छोटा. गर काढताना बी खरवडली गेली तर तुरटपणा कडवटाकडे जातो, म्हणून बी हातानेच वेगळी करावी.

कोकमाचं दुधातलं आइस्क्रीम करू नये आणि घेऊही नये. कोकमाच्या आंबटपणाने दूध फाटतं. फाटू नये म्हणून कोकम इतकं कमी घालावं लागतं की नावापुरतं उरतं, आणि मग रंग आणि एसेन्स येतात. कोकमाचं खरं रूप सॉर्बेत आहे, आणि किनाऱ्यावरच्या उकाड्यात त्यासारखं दुसरं काही नाही. सॉर्बे बसण्यासाठी साखर २५ ते २८ टक्के हवी. चांगल्या अमृत कोकमात (कोकमाच्या गोड पाकात) साखर साधारण ६५ टक्के असते, म्हणून ४०० ग्रॅम अमृत कोकमाला ६०० ग्रॅम पाणी घेतलं की बरोबर २६ टक्क्यांवर येतं. त्यात चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची थोडी पूड. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरू नका: त्यात मीठ भरपूर असतं, आणि मीठ गोठणबिंदू इतका खाली आणतं की सॉर्बे पातळच राहतं. कित्येक ठिकाणी कोकम सॉर्बे गिळगिळीत, अर्धवट गोठलेलं मिळतं, त्याचं कारण बहुधा आगळ किंवा जास्त साखर. उलट ते बर्फाच्या लादीसारखं खरवडावं लागत असेल तर साखर कमी पडली.

नारळाच्या दुधातली सोलकढीची सॉर्बे काही दुकानांत दिसते. लसूण-मिरची टाळून केलेली असेल तर मासळीच्या जेवणानंतर छान लागते. लसूण घातलेली आम्हाला पटत नाही. गोठल्यावर लसणाचा वास मागे रेंगाळतो.

करवंद संपूर्ण आइस्क्रीमला पुरत नाही. त्याचा मुरांबा करून साध्या दुधाच्या आइस्क्रीममध्ये पट्टे ओढलेले चांगले.

काजू, मोदक आणि बाहेरून आलेले फ्लेवर

वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन आहे, आणि इथल्या काजूच्या आइस्क्रीमकडून अपेक्षाही मोठी असते. काजू तुपात मंद आचेवर बदामी रंगावर परतलेला नसेल तर आठवड्यात ओल धरून मऊ आणि बेचव होतो. अखंड काजूपेक्षा पाकळी किंवा तुकडा चांगला, स्वस्तही पडतो आणि प्रत्येक चमच्यात येतो. ओले काजूगर उसळीसाठीच ठेवावेत. गोठल्यावर ते चिवट होतात.

उकडीच्या मोदकाचं आइस्क्रीम म्हणजे खोबरं-गुळाचं सारण, वेलची आणि जायफळ. इथे गूळ केव्हा घातला यावर सगळं आहे. गरम दुधात गूळ घातला तर दूध नासतं, म्हणून अनेक जण साखर आणि कॅरमल रंग वापरतात. सारण वेगळं शिजवून, पूर्ण थंड करून, गोठवण्याच्या शेवटी मिसळलं की गुळाची खरी चव मिळते.

बिस्कॉफ, कुनाफा-पिस्ता, सॉल्टेड कॅरमल हे बहुतेक दुकानांत तयार पेस्टच्या डब्यातून येतात. मुंबईत आणि मालवणात चव एकच. ते खायला कोकणात येण्याची गरज नाही.

'नो अ‍ॅडेड शुगर' मागणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यातही फळाची आणि दुधाची साखर असतेच, आणि आंब्यात ती थोडीथोडकी नसते.

फ्रीजर आणि वीज

फळ, दूध, मशीन सगळं बरोबर असलं तरी किनाऱ्यावर आइस्क्रीम बिघडतं ते साठवणीत. साठवणीला उणे १८ किंवा त्याखाली, स्कूप काढायच्या काउंटरवर उणे १२ ते उणे १४ हवं. वीज गेली की बर्फाचे बारीक कण वितळतात, आणि परत आली की ते पाणी मोठ्या खड्यांवर जाऊन गोठतं. असं चार-पाच वेळा झालं की आइस्क्रीम कचकचीत होतं, स्टॅबिलायझरही हात टेकतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टर नसलेल्या दुकानात मे महिन्यात डबाबंद आइस्क्रीम घेण्याआधी झाकण उघडून बघा. झाकणाच्या आतून बर्फाचा थर, आइस्क्रीम कडेपासून सुटून आत आलेलं, किंवा पृष्ठभाग खाली बसलेला दिसला तर ते एकदा तरी वितळून पुन्हा गोठलं आहे.

जिभेला खरखर लागली तर ती कसली, ते ओळखता येतं. क्षणात विरघळली तर बर्फ, म्हणजे साठवण बिघडली. विरघळायला वेळ लावणारे बारीक कण असतील तर ते दुधातल्या साखरेचे, म्हणजे दूध पावडर जास्त पडली. पहिलं दुकानदाराच्या फ्रीजरचं काम, दुसरं बनवणाऱ्याच्या कृतीचं.

दमट हवेत कोन काही मिनिटांत मऊ पडतो. समुद्रालगत कप घ्यावा.

घरी किंवा छोट्या दुकानात करणाऱ्यांसाठी

कोकणात दुधाचा मोठा वाटा घाटावरून येतो, त्यामुळे इथे फळापेक्षा दूध आणि क्रीमच महाग पडतं, आणि काटकसर तिथेच होते. त्यात फळाचा गर घातला की स्निग्धता आणखी उतरते. मूळ मिश्रणात १० टक्के असेल आणि किलोला पाव किलो आंब्याचा गर घातला तर ती आठवर येते. म्हणून मूळ मिश्रण साडेबारा टक्क्यांचं धरावं.

एक किलो मिश्रणाला ३६० ग्रॅम म्हशीचं दूध, २५ टक्क्यांचं ४२० ग्रॅम क्रीम, १६५ ग्रॅम साखर, ५३ ग्रॅम सायविरहित दूध पावडर आणि २ ग्रॅम गवार गम. गम साखरेत कोरडा मिसळून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. दूध, पावडर आणि क्रीम कोमट झाल्यावर साखर-गम घाला, सतत ढवळत ७० अंशांपर्यंत न्या आणि अर्धा तास तिथेच ठेवा. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट थंड करा आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर किमान चार तास, जमल्यास रात्रभर मुरवा. हा मुक्काम टाळला तर हवा धरत नाही आणि आइस्क्रीम पटकन वितळतं. २५० ग्रॅम आंब्याचा गर थंड करूनच, मशीनमध्ये ओतायच्या आधी घाला. फणस असेल तर १५० ग्रॅम पुरे आणि साखर १५ ग्रॅम कमी करा.

हाताचा पॉट असेल तर चार-पाच किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो जाडं मीठ, थर देत देत. मीठ कमी पडलं तर गोठायला वेळ लागतो आणि खडे मोठे होतात. मीठ झाकणातून आत जाऊ नये म्हणून बर्फाची पातळी झाकणाच्या दोन बोटं खाली ठेवा आणि उघडण्याआधी झाकण पुसा. पॉटमध्ये हवा कमी भरते, म्हणून ते घट्ट निघतं. काढल्यावर लगेच उथळ डब्यात भरून फ्रीजरच्या तळाशी ठेवा, खोल डब्यात मध्यभाग तासन्‌तास मऊ राहतो.

मुंबई-पुण्याला न्यायचं असेल तर आइस्क्रीम नेऊ नका. सात-आठ तासांच्या प्रवासात थर्माकोलच्या पेटीतही ते मऊ पडतं आणि घरी पुन्हा गोठवलं की खडे धरतं. त्याऐवजी मेमध्ये गाळलेला बरक्याचा गर किंवा हापूसचा रस अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत सपाट गोठवून घ्या. पिशव्या एकमेकींवर रचून, मध्ये वर्तमानपत्र घालून पेटी भरा. घरी पोचताना कडा सैल झालेल्या असल्या तरी चालतं, कारण गराला बर्फाच्या खड्यांची फिकीर नसते. मात्र पिशवी पूर्ण वितळली असेल तर ती पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी मिश्रणात घाला.